दुसऱ्या व्हायोलिनमधला इंजिनिअर

अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठाच्या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेत हा प्राणी हमखास सापडतो. शिकतो मेकॅनिकल इंजिनिअरिंग किंवा बायोकेमिस्ट्री. व्हायोलिनच्या पेटीत राळेच्या डबीशेजारी कॅल्क्युलेटर असतो. एका स्टँडवर दोघांत एक प्रत, आणि हा आतल्या बाजूला बसणारा, म्हणून पान उलटायचं खातं त्याच्याकडे. ऐन जोरकस जागी सगळे गज ओढत असताना हा वाजवणं थांबवून पान उलटतो. मग पुन्हा जागा सापडेपर्यंत दोन-तीन मात्रा गज तारांच्या जरा वरून, पण पूर्ण आत्मविश्वासानं फिरवतो. ऑडिशनमध्ये ही कला कुणी तपासलेली नसते. तिथं एक-दोन स्केल, एक तयारीची चीज आणि ऐन वेळी पुढ्यात ठेवलेलं अनोळखी नोटेशन, एवढाच मामला. बोटं घसरली तरी मोजणी सुटली नाही, एवढ्यावर हा निभावून जातो. व्हायोला वाजवणाऱ्याला तर सहसा दारातच हार घालतात, इतकी त्यांची वानवा.

संगीत शाखेतल्या मुलांना हा पाहुणा वाटतो. माझ्या मते विद्यापीठीय वाद्यवृंदाचा यजमान हाच. इतिहास काढून पाहा. संगीतकार टेलेमान लाइपझिगला आला तो कायदा शिकायला, आणि १७०२ च्या सुमारास त्यानं विद्यार्थ्यांना जमवून कॉलेजियम म्युझिकम हे वादकमंडळ उभं केलं. १७२९ मध्ये त्याची सूत्रं खुद्द बाखनं घेतली, आणि त्याचे कार्यक्रम होत ते झिमरमानच्या कॉफीघरात. हार्वर्डचा वाद्यवृंद आपलं मूळ १८०८ सालच्या एका विद्यार्थी मंडळात सांगतो. तिथं संगीताचं पूर्ण प्राध्यापकपद निर्माण झालं १८७५ मध्ये. म्हणजे वाजवणारे आधी आले आणि पूर्ण प्राध्यापक सदुसष्ट वर्षांनी. (विद्यापीठाच्या कारभाराची ज्याला थोडी कल्पना आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.)

या इंजिनिअरमुळं वाद्यवृंदाचा दर्जा घसरतो, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. वरच्या पट्टीतल्या जलद जागी हा चारातले दोन सूर वाजवतो आणि उरलेले श्रद्धेवर सोडतो. पण सिम्फनी ही काही सलग सोळा वादकांची एकल मैफल नव्हे. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग हात बांधून बसतात आणि चौथ्यात तोंड उघडतात. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीतही त्यांची हीच गत. द्‌वोरझाकच्या नवव्यात ट्यूबाला दुसऱ्या भागातले मोजके सूर सोडले तर कामच नाही. ज्याला पुढं सोलो रिसायटल द्यायचंय, त्याचा जीव या बसण्यात वर-खाली होतो. ट्रॉम्बोन धरून बसलेला आपला केमिस्ट मात्र ओठांतल्या ओठांत शंभर-शंभर मात्रांची विश्रांती बिनचूक मोजतो. पंगतीत वाढप्याकडे कुणी पाहत नाही, पण तो थांबला की पंगत खोळंबते. दुसऱ्या व्हायोलिनचं काम त्याच जातीचं आहे, आणि ते कमीपणा न मानता करणारा माणूस मिळणं सोपं नाही. परीक्षेच्या आठवड्यात हा दांडी मारतो, हे मात्र मान्य. तिथं त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: हे सगळं अर्ज सजवण्यासाठी चाललंय. त्यात तथ्य आहे. न्यू जर्सीत किंवा फ्रीमाँटमध्ये वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांच्या हाती शाळेत व्हायोलिन येतं, तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढं बाखपेक्षा कॉलेजप्रवेश अधिक स्पष्ट असतो. पण त्या हिशेबानं प्रवेश मिळाल्याच्या दिवशी व्हायोलिन माळ्यावर जायला हवं. इंजिनिअरिंगच्या पदवीला या तालमींचा उपयोग जेमतेम एखाद्या क्रेडिटचा, कित्येकदा तेवढाही नाही. घरून फोन येतो, “अरे, झाली ना आता अॅडमिशन? मग अभ्यासाला लाग की!” हा “हो आई” म्हणतो आणि तालमीला जातो. मेडिकलच्या मुलाखतीत सांघिक वृत्तीचा पुरावा म्हणून हे सांगायचं असेल, तर एक सत्र पुरलं असतं. हा चौथ्या वर्षीही तिथंच बसलेला असतो. पुढच्या रांगेत बढती देऊ केली तर नम्रपणे नको म्हणतो, कारण तिथल्या चुका कंडक्टरला ऐकू जातात.