तिकीट काढून या

‘हल्ली चांगली गाणी होतातच कुठे?’ असं कुणी म्हणालं की मी एकच विचारतो : शेवटचं तिकीट कधी काढलंस? सिनेमातल्या गायकाच्या स्टेडियमभरच्या कार्यक्रमाचं सोड. ज्या बँडचं नाव तुझ्या घरात कुणी ऐकलेलं नाही, त्याच्या गिगचं तिकीट कधी काढलंस? उत्तर येत नाही. मग चांगली गाणी होत नाहीत, हे ठरवलं कुणी? घरी बसून ठरवलं. फोननं पुढ्यात टाकलं तेवढंच ऐकून ठरवलं.

मी इंडी संगीताचा चाहता आहे, आणि पक्का आहे. सिनेमाचा आधार नाही, मोठ्या कंपनीचा पैसा नाही. गाणी स्वतः लिहायची, स्वतः वाजवायची, स्वतःच्या खर्चानं रेकॉर्ड करायची आणि स्वतःच विकायची. असं करणाऱ्यांचं संगीत ते इंडी. मग ते रॉक असो, रॅप असो की गिटारवर घेतलेला अभंग असो. या नादाला एकदा लागलं की शनिवार संध्याकाळ दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

का? ते एका छोट्या जागेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

शंभर माणसं मावतील एवढी खोली. स्टेज गुडघ्याएवढं. ड्रमर पेडलचा स्क्रू आवळतोय, गिटारवाला उकिडवा बसून वायरी जोडतोय. मॉनिटरपाशी जमिनीवर काळ्या टेपनं चिकटवलेला एक कागद असतो : सेटलिस्ट. पक्का चाहता आत शिरल्या शिरल्या आधी तो कागद उलटा वाचतो. गाण्यांची नावं तिथे पूर्ण नसतात. बँडनं आपापसात ठेवलेली टोपणनावं असतात, ती आपल्याला पाठ असतात. आणि वाचता वाचता सहाव्या ओळीवर नुसतं ‘नवं’ असं लिहिलेलं दिसतं. बस्स! त्या एका शब्दासाठी मी पावसात, बंद पडलेल्या लोकलमधून उतरून, रुळांच्या कडेनं चालत गेलो आहे आणि पुन्हा जाईन.

कारण ते गाणं अजून कुठेच नसतं. रेकॉर्ड झालेलं नाही, शब्द कुणाला ठाऊक नाहीत, कुणी त्याला तारे दिलेले नाहीत. गाणाऱ्याच्या आवाजात जरा धाकधूक असते. पहिला अंतरा संपताना तो डोळे उघडून समोर बघतो, आणि समोर आपण असतो. मान डोलली का, पाय हलला का, मागचे गप्पा मारणारे गप्प झाले का, हे सगळं त्याला त्या क्षणी दिसतं. स्टेडियमात पन्नास हजारांतले आपण गेलो काय, न गेलो काय. इथे आपण नसलो तर जागा रिकामी दिसते.

गिग संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर टी-शर्ट विकायला बासवादकच बसलेला असतो, घामानं निथळत. पैसे भरायचा क्यूआर कोड त्याच्या गिटारच्या पेटीवरच चिकटवलेला. टी-शर्ट देता देता तो विचारतो, ‘ते नवं कसं वाटलं?’ त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. दुसरा अंतरा लांबतोय, असं मी एकदा सांगितलं. पुढच्या गिगला तो अर्धा झाला होता. माझ्यासारखंच आणखी दहा जणांनी सांगितलं असणार, त्याशिवाय असं होत नाही. पण त्यांच्यात मीही होतो, याचा आनंद मला अजून पुरतो आहे.

हे सगळं इंटरनेटनं आणलं, असं समजणाऱ्यांनी गोव्यातल्या शिवोलीला जावं. तिथला गायक रेमो फर्नांडिस हा शिकलेला आर्किटेक्ट. मुंबईतल्या कंपन्यांना त्याची स्वतःची इंग्रजी गाणी नको होती. त्यानं तिथल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ हा अख्खा अल्बम तयार केला. वाद्यं बहुतेक सगळी स्वतः वाजवली, आवाजावर आवाज स्वतःच चढवला. मग स्कूटरवर कॅसेटी लादून गोव्यातल्या दुकानांत स्वतः पोचवल्या. पुढे कंपन्या त्याच्याकडे आल्या, सिनेमा आला, २००७ मध्ये पद्मश्रीही आली. पण आधी कोण आलं? दुकानात जाऊन ‘ती शिवोलीवाल्याची कॅसेट आहे का’ असं विचारणारा गोंयकार आला. त्यानं पैसे मोजले, म्हणून पुढची कॅसेट निघाली. भारतीय इंडीचा इतिहास लिहिताना कलावंतांची नावं येतात. त्या गिऱ्हाइकाचंही नाव यायला हवं.

किंवा अलाहाबाद घ्या. रॉकचं मासिक तिथून निघेल असं कुणाला वाटलं असतं? अमित सैगलनं १९९३ साली तिथून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं. दिल्लीत कोण वाजवतंय, शिलाँगमध्ये कोण, मुंबईत कोण, हे गावोगावच्या पोरांना त्या अंकातून कळायचं. सैगल २०१२ मध्ये गेला. त्याला लोक ‘पापा रॉक’ म्हणत आणि तो मान त्यानं कमावलेला होता. स्वतःच्या शहरात फारसं काही घडत नसताना सगळ्या देशातलं घडणं एका अंकात बांधणारा माणूस चाहताच असू शकतो.

आपल्याकडच्या जाणत्या रसिकांना याचं नवल वाटू नये. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ या संस्थेची प्रायोगिक नाटकं बघायला मोजकी माणसं जमायची, आणि मराठी रंगभूमीची पुढची कित्येक वर्षं त्या सभागृहानं घडवली. लघुनियतकालिकं काढणाऱ्यांनी स्वतः छापलं, स्वतः वाटलं. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ मध्ये पुस्तकरूपानं आली ती ‘क्लिअरिंग हाऊस’कडून, म्हणजे कवींनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या प्रकाशनाकडून. याच कोलटकरांनी सत्तरच्या दशकात स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा डेमोही रेकॉर्ड केला होता. तरी आज छबिलदासच्या आठवणी काढताना गहिवरणारी मंडळी शेजारच्या गल्लीतल्या बँडला ‘पोरांचा धांगडधिंगा’ म्हणतात. हे मला मुळीच पटत नाही. ज्यांनी त्या काळी मोजक्या माणसांत बसून नवं नाटक पाहिलं, त्यांनी तर इथे पहिल्या रांगेत असायला हवं.

आणि धांगडधिंगा म्हणण्यापूर्वी ऐका तरी. ‘इंडियन ओशन’ या बँडचा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात कार्यकर्ता होता. ‘मा रेवा’ हे गाणं त्याला त्या खोऱ्यातच मिळालं. २००० सालच्या ‘कंदिसा’ अल्बममध्ये ते आलं आणि नर्मदा कधीही न पाहिलेली दिल्ली-मुंबईची पोरं त्या नदीचं नाव घेऊन नाचू लागली. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप करणाऱ्या मंडळींनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, मुंबईच्या आरे जंगलातल्या आदिवासी कार्यकर्त्याला, प्रकाश भोईर यांना, सोबत घेऊन. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरेतली झाडं रातोरात तोडली गेली. शहराच्या काळजाला हात घालणारं गाणं तोडणीच्या आधीच तयार होतं आणि ते कुठल्याही सिनेमात नव्हतं. याच चमूतला एमसी तोडफोड २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. गुजरातीत रॅप करायचा. त्याला ऐकलेल्यांना ती पोकळी अजून जाणवते.

मराठीत काही होत नाही म्हणता? एमसी मवाली मराठीत रॅप करतो. ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग बास, गिटार आणि ड्रम्सवर गातो. समोर काळे टी-शर्ट घातलेली विशीतली पोरं ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत उड्या मारतात. देवळात न जाणाऱ्या पोरांच्या तोंडी अभंग गेला, यापरता आनंद कोणता? ही पोरं अभंग बाटवतात, असं कुणी म्हणालं तर मी भांडतो. अभंग माणसांच्या तोंडी राहिला म्हणून टिकला.

आता आमच्यातल्याच काहींना तीन शब्द.

पहिला, ‘गेस्टलिस्टवर टाक ना’वाल्यांना. बँडशी ओळख आहे म्हणून फुकट आत शिरायचं, आणि आत गेल्यावर एका बिअरला तिकिटाइतके पैसे मोजायचे. मैत्री असेल तर तिकीट काढा. ओळख जितकी जुनी, तितकं तिकीट आधी काढा.

दुसरा, ‘मी त्यांना आधीपासून ऐकतोय, आता ते मोठे झाले’ म्हणून तोंड वाकडं करणाऱ्यांना. प्रतीक कुहाड या इंडी गायकाचं ‘कोल्ड/मेस’ बराक ओबामांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं, तेव्हा कित्येकांना आपलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं. मला विलक्षण आनंद झाला. छोट्या खोलीत ज्याला ऐकलं त्याला जग ऐकू लागलं, म्हणजे आपले कान बरोबर होते! बँड कायम गरीब राहावा, म्हणजे तो आपला राहील, ही इच्छा प्रेमातून येत नाही.

तिसरा, अख्खं गाणं फोनवर टिपणाऱ्यांना. एक कडवं टिपा आणि फोन खिशात ठेवा. गाणारा तुमच्या डोळ्यांत बघायला आलेला असतो, त्याला शंभर चकाकते चौकोन दाखवू नका.

पैशाचंही स्पष्ट बोलायला हवं. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला : मागच्या बारा महिन्यांत एक हजारदा वाजलं नाही, तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. वेगवेगळे श्रोतेही हवेत. मोठ्या स्टारला हा नियम जाणवतसुद्धा नाही, तो कुऱ्हाडीसारखा पडतो तो नव्या बँडवर. पण हेच गणित उलटं मांडून बघा. चाळीस जणांनी ते गाणं वर्षात पंचवीस-पंचवीस वेळा ऐकलं की हजार झाले. चाळीस माणसं म्हणजे एका सोसायटीच्या गणपतीची आरती! बँडकॅम्प या संकेतस्थळावर विकत घेतलं तर आणखी चांगलं. तिथे डिजिटल विक्रीत कंपनीचा वाटा पंधरा टक्क्यांचा, आणि पैसे पोचवण्याचा खर्च वजा जाता बाकीचे कलावंताला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या तोंडावर त्यांनी आपला वाटा सोडून देण्याचे शुक्रवार सुरू केले. गिग बंद, हातात काही नाही, अशा काळात कित्येकांचं भाडं त्यावर निघालं. एका अल्बमची किंमत दोन कॉफींपेक्षा कमी असते. गाणं मात्र वर्षानुवर्षं आपल्याजवळ राहतं, आणि ते आपण विकत घेतलं हे त्या बँडला नावानिशी कळतं.

राहता राहिली जागा. इथे माझा राग खरा आहे.

धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ मध्ये जॅझ यात्रा सुरू झाली, पुढे इंडिपेन्डन्स रॉक या महोत्सवानं तिथे पिढ्या घडवल्या. उघड्या आभाळाखालचं ते नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमात बंद झालं. आजूबाजूला रुग्णालयं आहेत, नियम समजतो. पण त्याच्या बदल्यात शहरानं काय दिलं? लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये ब्लू फ्रॉग हे गाण्याचं ठिकाण २००७ मध्ये उघडलं आणि २०१६ मध्ये मिटलं. नऊ वर्षांत तिथे जे ऐकायला मिळालं त्यावर कितीतरी बँड जन्मले. आता उरले ते बार. तिथे वयाची अट, दारूचं बिल आणि मधेच मॅचचा स्क्रीन. सोळा वर्षांच्या मुलीनं गिटार ऐकायला जायचं कुठे? मोठे महोत्सव वर्षातून एकदा येतात आणि त्यांचं तिकीट तिच्या खिशाबाहेरचं असतं.

महापालिकांकडे नाट्यगृहं आहेत. ठाण्यात आहेत, डोंबिवलीत आहे, पुण्यात आहेत, नाशकात आहे. नाटकवाल्यांना शनिवार-रविवार हवा असतो, आठवड्यातले मधले वार त्यांनाही नको असतात. तारखावाटपात त्यातला महिन्याला एक बुधवार स्थानिक बँडांना द्या. भाडं बालनाट्याइतकं लावा, तिकीट दोनशेच्या वर जाऊ देऊ नका. सभागृह बंद आहे, आवाज बाहेर जात नाही, सगळं दहाच्या आत आटोपता येतं. अर्जाचा नमुना बनवायला अधिकाऱ्यांना वेळ नसेल तर आम्ही चाहते बनवून देतो. रांगा लावायला, खुर्च्या मोजायला, दारात तिकिटं फाडायलाही आम्हीच येऊ, आणि आमची स्वतःची तिकिटं काढून येऊ.