व्हर्जनराव

जव्हारच्या शिरपामाळावर संध्याकाळी लोक वारा खायला येतात, व्हर्जनराव पिंप घेऊन येतात. त्यांचं खरं नाव घरच्यांनीही आता सोडून दिलंय. पाणी डोक्यावरून न वाहता ढकलत नेता येईल असं पिंप बनवायचं, हा त्यांचा ध्यास. पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याला पाऊस झोडपून काढतो आणि उन्हाळ्यात पाडे टँकरची वाट बघतात. तेव्हा ध्यासाला नावं ठेवायला जागा नाही.

पद्धतही रीतसर. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग पीव्हीसीचा. झटपट करा, मोडू द्या, सुधारा. साच्यात पैसे ओतण्याआधी चुका स्वस्तात उरकाव्यात, हे शहाणपणाचंच. पण व्हर्जनरावांना चुकांचाच लळा लागला. दांडा त्यांनी थ्रीडी प्रिंटरवर काढायला घेतला, ०.२ मिलिमीटरचा एकेक थर. मध्येच लाइट गेली. तो अर्धा दांडा 'व्हर्जन तीन' म्हणून कपाटात आहे. पुढचा पुरा झाला, तो भर मे महिन्यात जीपच्या काचेमागे विसरला. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच नरमतं. दांडा कारल्यासारखा वाकला.

"बघा, मुठीत कसा बसतो!" व्हर्जनराव म्हणाले.

असं पिंप दक्षिण आफ्रिकेत १९९१ सालीच निघालंय, हिप्पो रोलर, ९० लिटरचं, असं कुणी सांगितलं तर म्हणतात, "ते त्यांचं." फार ताणलं की इतिहास काढतात. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांना जव्हारच्या विक्रमशहा राजांनी याच माळावर शिरपेच चढवला, असं सांगतात. "महाराजांनासुद्धा १६७० मध्ये सुरतेला परत जावं लागलंच ना?" यावर कोण काय बोलणार?

चाचणी मात्र कायम माळावर, कारण इथं पिंप छान पळतं. पाड्याची वाट खडकाळ, मध्ये बांध, शेवटी विहिरीच्या पायऱ्या. व्हर्जन सात घेऊन ते एकदाचे तिथं पोचले. एका आजीनं पिंप काठोकाठ भरू दिलं, दांडा हलवून बघितला.

"भाऊ, बांधावरून हे उचलायचं कुणी?"

९० लिटर म्हणजे ९० किलो. व्हर्जनरावांनी वही काढली आणि लिहिलं: रंग बदलावा.

पिंप पाड्यावरच राहिलं. झाकण घट्ट आहे, उंदीर शिरत नाही. आजीनं त्यात नागली भरलीय. वहीत पुढची नोंद आहे: 'वापर सुरू. आजींची सूचना, पुढच्याला दांडा नको.'