पट्टी न पुसणाऱ्या मिस्त्रींना खुलं पत्र

अहो मिस्त्री,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून जाहीर लिहितो. तसंही हे प्रकरण आता माझ्या एकट्याच्या बोटीपुरतं राहिलेलं नाही. पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत लावलेल्या कितीतरी बोटींची इंजिनं तुमच्याच हाताखालून गेली आहेत. त्या सगळ्या आता हर्णैहून मासेमारीला जाणार, प्रत्येकीवर तांडेल आणि खलाशी असणार. त्यांच्या घरच्यांनीही हे पत्र वाचावं अशी माझी इच्छा आहे.

पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आधी तुम्ही आलात तेव्हा ओहोटी होती. नाळ वाळूवर चढलेली, मागचा भाग चिखलात रुतलेला आणि सगळी बोट एका अंगावर कललेली. अशा बोटीत तुम्ही ऑइल बदलायला उतरलात, ऑइलची पट्टी उपसलीत, न पुसताच डोळ्यांसमोर धरलीत आणि 'ऑइल कमी आहे' असा निकाल दिलात. मग कॅन उचलून ओतायला लागलात. किती लिटर टाकलं, असं विचारलं तर म्हणालात, 'पट्टीवर आलं की झालं.' पट्टी पुसायला तुम्हाला फडकं सापडलं नाही, पण काम संपल्यावर हात पुसायला माझा टॉवेल बरोबर सापडला.

मिस्त्री, बोटीतलं इंजिन ट्रकसारखं सपाट बसत नाही. पंख्याचा शाफ्ट तळातून मागे आणि खाली उतरतो. त्याच्या रेषेत इंजिन बसवावं लागतं, म्हणून ते कायम मागे झुकलेलं असतं. इंजिनाच्या तळातल्या चेंबरमधलं ऑइल त्या उताराने मागे जातं आणि पट्टीवर किती दिसायचं ते या झुकण्यावर ठरतं. आपल्याकडे कित्येक बोटींत ट्रकचीच इंजिनं थोडेफार बदल करून बसवलेली आहेत. त्यांच्या पट्टीवरच्या खुणा सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या आहेत. अशा खुणेवर बोटीत विसंबायचं नसतं. बोट पाण्यावर सरळ तरंगत असताना मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइल लिटरने मोजून टाकायचं, इंजिन थोडं चालवून बंद करायचं, ऑइल खाली उतरू द्यायचं आणि मग ते पट्टीवर जिथे दिसेल तिथे बारीक कानशीने खूण करायची. त्या बोटीत त्या इंजिनाची खरी खूण तीच.

तुम्ही ज्या अवस्थेत पट्टी पाहिलीत त्यात ऑइल कमी दिसणारच होतं. माझ्या इंजिनाची पट्टी पुढच्या बाजूला आहे. नाळ वर आणि मागचा भाग चिखलात, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उतार. ऑइल सगळं मागे गोळा झालं होतं आणि पट्टीचं टोक जेमतेम बुडत होतं. तुम्ही त्या टोकाची समजूत काढलीत. चेंबर गच्च भरला, याचा तुम्हाला पत्ताही नव्हता.

भरतीला बोट सरळ झाली तेव्हा ते जादा ऑइल पुढे आलं. फिरणारा क्रँक थेट त्यात बुडायला लागला. मग ऑइल घुसळलं जातं, त्याचा फेस होतो. पंप ऑइलऐवजी फेस ओढतो आणि बेअरिंगला पातळ थर धरून ठेवणारं ऑइलच मिळत नाही. बाटलीभर जास्त पडलं तर इंजिनाला चांगलंच, असं तुम्ही आमच्या खलाशाला सांगितलंत. बेअरिंगच्या दृष्टीने जास्त ऑइल आणि कमी ऑइल यांचा शेवट एकच असतो.

पुढे काय झालं ते ऐका. बंदराबाहेर पडून वेग वाढवला तसा धुराचा रंग निळा झाला. इंजिनाच्या ब्रीदरमधून ऑइल बाहेर यायला लागलं. त्यातलं काही हवेच्या नळीत ओढलं गेलं आणि सिलिंडरमध्ये जाऊन जळायला लागलं. तांडेलाने थ्रॉटल खाली केला तरी इंजिनाचा आवाज चढतच गेला. त्याने डिझेल बंद केलं, तरीही इंजिन थांबेना, कारण आता ते डिझेलवर चालतच नव्हतं, तुम्ही ओतलेल्या ऑइलवर चालत होतं. त्या माणसाने डोकं शांत ठेवून हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली तेव्हा ते गुदमरून बंद पडलं. दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. इंजिनाच्या खोलीत तेव्हा धूरच धूर होता. भिंतीवर किती गरम ऑइल उडालं होतं, हे येऊन बघा. मी अजून ते पुसलेलं नाही.

चेंबर उपसला तेव्हा ऑइल मोजून घेतलं. मॅन्युअलमध्ये 18 लिटर लिहिलेलं आहे, निघालं 23. फिल्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहिलेलं वेगळंच. हा आकडा तुमच्यासमोर ठेवण्यासाठी पत्र लिहितो आहे असं समजलात तरी चालेल.

उपसण्याबद्दलही बोलायला हवं. बोटीत इंजिनाखाली भांडं सरकवायला जागा नसते. म्हणून इंजिन कोमट असताना पट्टीच्या नळीतून हातपंपाने ऑइल ओढून काढावं लागतं. गार ऑइल घट्ट असतं, त्याच्याबरोबर गाळ वर येत नाही. तुम्ही गार इंजिनातून अर्धंमुर्धं ओढलंत, उरलेल्या काळ्या ऑइलवर नवं ओतलंत आणि बिलात पूर्ण बदलाचे पैसे लावलेत. नवा फिल्टर बसवल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करायचं आणि पुन्हा पट्टी बघायची असते, कारण रिकामा फिल्टर थोडं ऑइल पिऊन घेतो. ते पुन्हा बघणं तुमच्या कामात कधीच नसतं.

आणि तुमचं नरसाळं! त्याच्या आतल्या कडेला वाळूचे कण चिकटलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. झाकण नसलेला कॅन पावसात उघड्यावर उभा होता. बेअरिंगची फट केसाएवढी बारीक असते, तिच्यात तुम्ही खाडीची वाळू सोडत होता.

पट्टीवर नुसती पातळी वाचायची नसते. ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलेलं असतं, कूलर फुटलेला असेल किंवा एक्झॉस्टमधून समुद्र मागे आला असेल. पातळी आपोआप वाढली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर डिझेल गळून चेंबरमध्ये उतरतंय. अशा इंजिनाला स्टार्टर मारायचाच नसतो. दोन बोटांत थेंब चोळून वास घेतला तरी हे कळतं. तुम्ही वास घेत नाही आणि खलाशांनी घेतला तर त्यांना हसता. तेच गिअरबॉक्सचं. त्याचं ऑइल वेगळं, पट्टीही वेगळी. काही गिअरबॉक्सची पट्टी आटे न आवळता नुसती टेकवून वाचायची असते, ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. शेजारच्या बोटीवर तुम्ही ती आवळून वाचलीत. हे त्या बोटीवरच्यांनीच मला सांगितलं.

मी मे महिन्यातच तुम्हाला म्हटलं होतं की ऑइल बोट काठाला लावण्याआधी बदलू या. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा साठलेला असतो. दोन महिने बेअरिंग त्यातच राहिलं तर धातू खाल्ला जातो. तुम्ही 'बंदी उठताना करू' म्हणत टाळलंत, कारण जुलैअखेर सगळी कामं एकदम उरकली की तुमच्या फेऱ्या वाचतात.

सगळ्यात जास्त राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. उपसलेलं काळं ऑइल तुम्ही काठावर चिखलात ओतलंत. त्याच चिखलात आमच्या बायका ओहोटीला तिसऱ्या वेचतात, खडकावरची कालवं फोडतात. तुम्ही निघून गेल्यावर पाण्यावर ऑइलचा रंगीत तवंग बराच वेळ फिरत होता. इंजिनाचं बेअरिंग विकत मिळतं. खाडी कुठल्या दुकानात मिळते?

आता माझं म्हणणं. तुम्ही बोटीवर यायचं, तेही भरतीच्या वेळी, बोट तरंगत असताना. माझ्यासमोर झाकणाचा सीलबंद कॅन उघडायचा, लिटरच्या मापाने ऑइल टाकायचं, इंजिन चालवून, थांबून, पुसलेल्या पट्टीवर नवी खूण करायची आणि किती लिटर गेलं ते पट्टीजवळच्या भिंतीवर रंगाने लिहायचं. जुनं ऑइल डब्यात भरून परवाना असलेल्या भंगारवाल्याकडे द्यायचं आणि त्याची पावती मला आणून दाखवायची. उरलेल्या बोटींवरही, ज्यांच्यात तुम्ही वाळूवर ऑइल भरलंत, जाऊन पट्ट्या बघायच्या. त्या बोटमालकांना मी फोन केला आहे, ते तुमची वाट बघतील. मजुरी ठरल्याप्रमाणे देईन, खराब झालेल्या बेअरिंगचं बिल त्यातून वजा होईल.

एक बोटमालक
हर्णै