आधी कॉलर जाते

मा. गणवेश खरेदी समिती यांस,
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना लागेल त्यांनी लावून घ्यावं.)

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं अभिनंदन. वैमानिकांसाठी आपण निवडलेला पांढरा शर्ट फोटोत फार सुंदर दिसतो. विमानाच्या शिडीवर उभ्या असलेल्या माझ्या लेकीचा फोटो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाजला. शर्टाला एक सुरकुती म्हणून नव्हती. अर्थात तो त्याचा ड्युटीवरचा पहिलाच दिवस होता. आता तोच शर्ट माझ्या मांडीवर आहे, हातात उसवायची सुई आहे आणि आपल्याशी चार शब्द बोलायला निमित्त मिळालं आहे.

ओळख करून देते. मी आयटीआयत मुलींना शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली बाई. लेक गोंदियाला विमान चालवायला शिकली. सध्या फर्स्ट ऑफिसर आहे, खांद्यावर तीन पट्ट्या. विमानातलं मला काही कळत नाही, शर्टातलं कळतं. आपलं बरोबर उलट असावं असा माझा अंदाज आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

विमानाच्या सुट्या भागांची जन्मपत्रिका ठेवतात असं लेक सांगते. भाग कुठे बनला, कधी बसवला, किती तास उडाला, केव्हा उतरवून तपासायचा, सगळं कागदावर. तिच्या विश्रांतीचीसुद्धा नोंद असते. जुलै २०२५ पासून वैमानिकाला आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती द्यायचा नियम लागू झाला. शर्टाची नोंद मात्र एकच, निविदेतला सर्वांत कमी दर. तेव्हा आपल्या दप्तरी राहावा म्हणून या शर्टाचा शवविच्छेदन अहवाल मीच देते.

मृत्यूचं ठिकाण: कॉलर. दुमडीची कड, मानेला घासते ती. आधी ती कड धुरकट दिसू लागली, मग तिच्यावर तुटलेल्या धाग्यांची बारीक लव उभी राहिली आणि परवा आतला कॅनव्हास बाहेर डोकावला. बाकीचा शर्ट ठणठणीत आहे. पाठ कोरी, बाह्या धडधाकट, खिशातली पेनाची फटदेखील शाबूत. पण कॉलर फाटलेला वैमानिक प्रवाशांना कसा दाखवणार? म्हणजे अखंड शर्ट बाद, तोही बोटभर रुंदीच्या कापडापायी.

मृत्यूचं कारण मानेजवळच्या लेबलवर आपणच छापून घेतलं आहे: ‘रिंकल-फ्री’. हा शब्द वाचून समितीतल्या कुणाला तरी गहिवरून आलं असणार. सुती कापडाला सुरकुती पडू नये म्हणून त्यावर रेझिन चढवतात आणि ते भट्टीत भाजून पक्कं करतात. धाग्याच्या आतले रेणू त्यामुळे एकमेकांना जखडले जातात. कापड चुरगळत नाही ते याचमुळे, आणि धागा ठिसूळ होतो तोही याचमुळे. आता शर्टात धागा कायमचा वाकवलेला कुठे असतो? कॉलरच्या दुमडीत आणि कफच्या कडेला. इस्त्रीवाल्याचे दहा रुपये वाचवायला आपण शर्टाचं अर्धं आयुष्य मोजलंत. हिशेब चोख आहे, फक्त उलटा आहे.

आणि प्रकरण कॉलरवर थांबलं तर नशीबच म्हणायचं. अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये सत्तर हजारांवर कर्मचाऱ्यांना नवे गणवेश दिले. पुरळ, डोकेदुखी, डोळ्यांची आग अशा तक्रारी हजारोंनी आल्या, त्यांत वैमानिकही होते, आणि पुढच्या वर्षी कंपनीला पुरवठादार बदलायचं जाहीर करावं लागलं. त्याआधी २०११ साली अलास्का एअरलाइन्समध्ये असंच घडलं होतं. तिथल्या केबिन कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी हार्वर्डच्या संशोधकांनी ताडून पाहिल्या. त्वचेच्या आणि श्वासाच्या तक्रारी नव्या गणवेशानंतर वाढल्याचं त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. कापडावर काय काय चढवलंय हे न विचारता कापड घेतलं की असं होतं. आमच्या वर्गातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीसुद्धा कापड आधी पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावत नसत.

खांद्याकडे येऊ. कॉकपिटमधल्या आसनाचा पट्टा पाच टोकांचा असतो: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक खालून. उड्डाणाला आणि उतरताना खांद्याचे पट्टे बांधलेले हवेतच. दिवसात चार उड्डाणं केली की आठ वेळा तो जाड पट्टा नेमका त्या लूपवर बसतो, ज्यात तीन सोनेरी पट्ट्या ओवलेल्या असतात. म्हणजे शर्टाच्या सर्वांत जास्त राबणाऱ्या जागी तुम्ही काय दिलं आहे? एकेरी कापडाचा लूप, एका साध्या शिलाईवर टांगलेला, खाली योकही, म्हणजे खांद्यालगतचा पाठीचा तुकडाही, एकेरी. मी इंचाला टाके मोजले. जिथे बारा-चौदा हवेत तिथे आठ भरले. एवढ्यावर आम्ही परकराचा नेफासुद्धा शिवू देत नव्हतो.

पांढराच रंग का, हे मी विचारणार नाही. तो आपला दोष नव्हे. पॅन अमेरिकनने १९३१ च्या सुमारास पाण्यावर उतरणारी मोठी विमानं चालवायला घेतली, तेव्हा वैमानिकांची चामडी जाकिटं काढून त्यांना नौदलाच्या धर्तीवर पोशाख दिला. गलबताच्या कप्तानाला पाहून वाटतो तसा विश्वास प्रवाशांना वाटावा, एवढाच हेतू. पुढे विमानं पाण्यावर उतरायची थांबली, पोशाख काही उतरला नाही. असो. पांढरा तर पांढरा, पण मग तो पिवळा पडणार हे धरून कापड निवडायला नको? मे महिन्यात मुंबईच्या धावपट्टीशेजारी उन्हात तापलेल्या विमानाभोवती फेरी मारून तपासणी करायची, आणि मग थंड, कोरड्या कॉकपिटमध्ये बसून तोच घाम अंगावर वाळवायचा. काखेतले पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात. घाम आणि घाम रोखणाऱ्या फवाऱ्यातला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार मिळून ते पडतात. आपल्या धुण्याच्या सूचनेत लिहिलं आहे की डाग पडल्यास ब्लीच वापरा. क्लोरीनच्या ब्लीचने हे डाग आणखी गडद होतात, आणि रेझिन चढवलेलं कापड तर अख्खंच पिवळं पडू शकतं. ही सूचना लिहिणाऱ्याने घरी कधी बादलीला हात लावला असेल असं वाटत नाही.

आता जरा नाजूक विषय. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या तिपटीच्या आसपास. त्याचा अभिमान आपण दर ८ मार्चला पानभर जाहिरात देऊन व्यक्त करता. पण शर्ट? तो पुरुषाच्याच बेतावर कापलेला, फक्त एक माप लहान. छातीवर दोन बटणांमध्ये फट पडते, मुंढा खाली ओघळतो, खांद्याची शिवण दंडावर येते, आणि हक्काच्या तीन पट्ट्या खांदा सोडून बाहीवर झोपतात. लेकीने तक्रार केली तर उत्तर आलं, एक माप मोठं घ्या. वा! वर कापड इतकं पातळ की आत हात घातला तर बोटातली अंगठी ओळखू यावी. पुरुषांना आतून बनियन घालायची सवय असते, त्यामुळे समितीच्या लक्षात आलं नसावं. एअर इंडियाने २०२३ मध्ये मनीष मल्होत्रांकडून नवे गणवेश करून घेतले तेव्हा साड्यांवर, बंदगळ्यांवर, रंगांवर केवढी चर्चा झाली. चांगलंच आहे. पण मुंढ्याचा घेर किती, हे कुणी कुणाला विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आपण म्हणाल, बाई, टीका सोपी असते; शर्ट कोणता घ्यायचा ते सांगा. सांगते की. पैसे न घेता सांगते, म्हणून कदाचित पटणार नाही.

निव्वळ सुती कापड मला मनापासून आवडतं, पण मुक्कामाच्या हॉटेलात रात्री बेसिनमध्ये धुतलेला सुती शर्ट पहाटे चारला ओलाच असतो. आणि हॉटेलच्या लाँड्रीचे दर असे की धुवायला टाकण्याऐवजी नवा घ्यावा. निव्वळ पॉलिस्टर तर नकोच. तासाभरात वाळतं, पण घामाचा तेलकट वास धरून ठेवतं. शिवाय पॉलिस्टर साधारण २५० अंशांवर वितळतं आणि वितळलं की कातडीला चिकटतं. विमानात काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत एवढा विचार करावा. म्हणून मिश्र कापड, आपलं जुनं टेरिकॉटच, पण त्यात सुताचा वाटा अर्ध्याहून जास्त. बाजारात सर्रास मिळतं ते उलट असतं, ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत, कारण ते स्वस्त पडतं. वीण ट्विलची घ्या. पॉपलिनपेक्षा ती दाट बसते, आरपार दिसत नाही. रेझिन नको. थोड्या सुरकुत्या पडू द्या. प्रवासी कॉकपिटचं दार ठोठावून सुरकुत्या मोजायला येत नाहीत.

शिलाई बघायची तर शर्ट उलटा करून बघा. निविदा उघडताना तो तुम्ही सुलटाच बघता, तिथेच फसता. बाजूची आणि काखेची शिवण कडा आत दुमडून दोनदा मारलेली हवी. नुसती इंटरलॉक मारलेली शिवण काखेतच आधी उसवते. योक दुहेरी. लूपच्या दोन्ही टोकांना भक्कम टाचण. कॉलर बोटांत धरून चोळा. आतला कॅनव्हास वेगळा सरकला, किंवा दोन-तीन धुण्यांनंतर वर फुगे आले, तर चिकटवणीचं काम कच्चं आहे. तो शर्ट फुकट दिला तरी महाग.

भावाचंही बोलू, कारण आपला जीव तिथेच अडकलेला असतो. समजा नऊशेचा शर्ट चाळीस धुण्यांत गेला, तर एका धुण्याला साडेबावीस रुपये पडले. अठराशेचा शर्ट एकशेवीस धुणी टिकला, तर पंधरा. हे गणित चौथीच्या मुलाला येतं, खरेदी खात्याला येत नाही, कारण त्यांच्या तक्त्यात धुण्यांचा रकानाच नसतो. करही आडवा येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी आहे. त्यापुढे गेलात तर अठरा. चांगला टिकाऊ शर्ट या रेषेच्या बराच अलीकडे बसतो. कापडासाठी परदेशातही बघायला नको. इचलकरंजीला माग आहेत, मुंबईत मंगलदास मार्केट अजून उभं आहे. तिथल्या कुठल्याही जुन्या दुकानदारापुढे आपला शर्ट ठेवा आणि तो काय बोलतो ते लिहून घ्या. शब्द मात्र गाळून लिहावे लागतील.

शेवटची मागणी, आणि पत्राचं खरं कारण हेच. गिरगाव-परळात पूर्वी शिंपी कॉलर उलटवून द्यायचे. वरची बाजू विरली की कॉलर उसवायची, पालटायची आणि खालची कोरी बाजू वर आणून पुन्हा शिवायची. शर्टाला दुसरं आयुष्य, खर्च चहाच्या कपाएवढा. मी लेकीच्या शर्टाचं तेच करायला बसले होते. आपल्या कॉलरची खालची बाजू मी उलटून पाहिली, तर ती निराळ्याच कापडाची निघाली, वरच्यापेक्षा पातळ आणि किंचित निळसर. तेवढ्यात कितीसे पैसे वाचले असतील? त्यामुळे पालटायची सोयही आपण ठेवली नाहीत. तेव्हा पुढच्या निविदेत एवढी एक ओळ घाला: कॉलर दोन्ही बाजूंनी एकाच कापडाची असावी आणि प्रत्येक शर्टासोबत एक जादा कॉलर व कफची जोडी द्यावी. पुरवठादार कुरकुर करील. करू द्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एका फर्स्ट ऑफिसरची आई

ता. क.: पुढच्या वेळी समितीपुढे नमुना म्हणून कोरा शर्ट मागवू नका. तीस वेळा धुतलेला मागवा, आणि तो एखाद्या वैमानिक बाईच्या अंगावर बघा.