मागेल त्याला भूगर्भ

आपल्या सरकारचा हात मुळात देता. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. पुढे रोजगार हमीतून ‘मागेल त्याला विहीर’ आली, तेव्हा अनुदान चार लाखांपर्यंत. 2024 साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आला आणि त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिलही माफ झालं. खड्डा मागा, खड्डा मिळतो. पंप मागा, पंप मिळतो. पाणी तेवढं कुठल्या योजनेत नाही, कारण ते मागावंच लागत नाही. ज्याचा पाइप खोल, त्याचं पाणी.

मागूनही लवकर मिळत नाही अशी एक गोष्ट मात्र आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात शिल्लक आहे: आपल्याच रानात आपल्याच मालावर प्रक्रिया करायची परवानगी.

समजा, दौलताबादकडचा एक शेतकरी आहे. बांधावर आणि माळावर सीताफळं. हे झाड पाण्याचं फार लाडावलेलं नाही, पण फळ मोठं उतावळं. पिकतं ते एकदम पिकतं, दोन दिवसांत मऊ पडतं आणि जाधववाडीच्या बाजारात पोचेपर्यंत व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर दुखवट्याची कळा आलेली असते. म्हणून या गड्यानं ठरवलं, गर काढायचा, गोठवायचा आणि आइस्क्रीमवाल्याला विकायचा. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना 2020 पासून आहेच. 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. योजनेच्या घडीपत्रिकेवरची बाई हसत होती. हाही हसत घरी आला.

पहिला प्रश्न निघाला तो झोनचा.

इथल्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा पोत कळतो, रंग मात्र नकाशावर जाऊन बघावा लागतो. रान काळं, नकाशात हिरवं. शेजारचा माळ पांढरा, नकाशात पिवळा. शहराभोवतीच्या 28 गावांना मागे सिडकोच्या हवाली करून ‘झालर क्षेत्र’ असं गोंडस नाव दिलं गेलं. त्यातलं सातारा-देवळाई बघता बघता ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आणि नगरपरिषदेतून महापालिकेत गेलं. माणसं होती तिथंच राहिली, फक्त कार्यालयं त्यांच्या अंगावरून गेली. आता बाकीच्यांसाठी महानगर प्रदेश प्राधिकरण आहे. ग्रीन झोनमध्ये काय चालतं याची 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भली मोठी यादी आहे, शेतीवर आधारलेले उद्योगही तिच्यात आहेत. फक्त यादीच्या पाठोपाठ रस्त्याच्या रुंदीच्या अटी येतात. याच्या शेताला रस्ता म्हणजे गाडवाट, पावसाळ्यात तिचा ओढा होतो. नियमात ओढ्याची रुंदी धरत नाहीत.

त्यात गाव दौलताबाद. किल्ल्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय वीट हलत नाही. याचं रान त्याच्याही पुढं आहे, पण ‘पुढं आहे’ हे मोजून द्यायला मोजणी लागते आणि मोजणीला तारीख. इथं एकदाच विनामोजणी झोन बदललेला आहे. 1327 साली मुहंमद तुघलकानं अख्खी राजधानी दिल्लीहून इकडं आणली, त्याआधी हरकती-सूचना मागवल्याची नोंद नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि इथं आमच्या गड्याला खरा साक्षात्कार झाला.

विहिरीचं पाणी सीताफळाच्या बुंध्याला गेलं तर ती शेती. म्हशीनं प्यायलं तरी कुणाचं काही म्हणणं नाही. तेच पाणी फळं धुवायच्या हौदात पडलं की तो उद्योग झाला. मग मीटर वेगळं, वीजदर वेगळा आणि ना-हरकत लागते की नाही हा शोध वेगळा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत शेतीला पूर्ण सूट आहे. लहान उद्योगांनाही दिवसाला 10 घनमीटरपर्यंत सूट आहे. 10 घनमीटर म्हणजे 10 हजार लिटर, म्हणजे आपला एक टँकर. याला तर मोसमात पाव टँकरही लागणार नव्हता. तरीही पाव टँकर लागणार असल्याचं शपथपत्र, आणि सूट असल्यामुळे परवानगी नको याचं पत्र कुठून आणायचं, याची चौकशी करत तो चार टेबलं फिरला. चारही ठिकाणी माणसं सौजन्यानं वागली. हा प्रश्न आमच्याकडं येत नाही, एवढंच चौघांनी सांगितलं.

आता जरा खाली उतरू.

राज्याचा भूजल कायदा चांगला आहे, मनापासून सांगतो. नावात 2009, अमलात 1 जून 2014. त्याच्या नियमांचा मसुदा 2018 मध्ये आला आणि त्यावर हरकती मागवल्या गेल्या. एवढा सावकाश खाली उतरणारा बोअर मराठवाड्यात दुसरा नाही. या कायद्यानं शेतीसाठी आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई केली. विहिरीत बोअरही आला. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांना तीन फूट कमी. आमच्याकडं दोनशे फुटांवर बोअरचा गाडीवाला चहा पितो. तमिळनाडू पासिंगचा तो राक्षस बांधावर उभा राहिला की मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण करत रॉडवर रॉड जातात. चारशे, पाचशे, सहाशे. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा केलेला असतो आणि सबंध भावकी त्या नारळाकडं बघत असते. धूळ उडाली की आणखी दोन रॉड. खाली बेसाल्ट आहे, भेगेत असेल तेवढंच पाणी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. भेग आपल्याच सातबाऱ्यात असेल एवढीच आशा. खोलीचा हिशेब या सगळ्या प्रकारात एकच माणूस काटेकोर ठेवतो, तो म्हणजे गाडीवाला, कारण पुढच्या प्रत्येक शंभर फुटाला त्याचा दर चढतो. या गाड्यांच्या मालकांनीही नोंदणी करावी असं कायदा म्हणतो. गाडी रात्री येते, उजाडायच्या आत जाते. नोंदणीचं कार्यालय दिवसा उघडतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 च्या दुष्काळापासून आपल्या सोबत आहे. ती ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. मोजणी उत्तम होते. पातळी किती खाली गेली हे आपल्याला दशांशात कळतं, कुणाच्या पाइपातून गेली तेवढं कळत नाही. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं पाणी साठवायला काढलेलं तळं, त्यात प्लास्टिक अंथरलं आणि पाऊस नसला की बोअरनं भरलं. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात ठेवायची ही पद्धत अनुदानपात्र आहे.

इकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणं वर्षानुवर्षं बघितलेलं शहर. गड्याची फाइल फिरत होती, तेवढ्यात शेजारचा बांधकरी टँकर भरू लागला. त्याच शिवारातलं, त्याच भेगेतलं पाणी. ठोक पाणी विकणाऱ्यालाही परवानगी लागते असं भूजल प्राधिकरणाच्या त्याच 2020 च्या सूचनांत लिहिलंय, पण टँकरवाला सूचना वाचत थांबला तर सोसायटीची टाकी कोण भरणार? शिवाय त्यानं फाइलच केलेली नाही, त्यामुळं त्याच्या फाइलमध्ये त्रुटी निघायचा प्रश्नच येत नाही.

शेवटी गडी एका एजंटाकडं गेला. एजंटानं कागद चाळले, रस्त्याची रुंदी विचारली, झोनचा रंग बघितला आणि कीव येऊन म्हणाला, “दादा, तुम्ही अर्ज करून बसलात हीच चूक झाली. गुंठे पाडा. 2001 साली गुंठेवारीचा कायदा आला, तेव्हा 1 जानेवारी 2001 पर्यंतचे प्लॉट नियमित होणार होते. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर आली. तारखेला पाय आहेत, तुमच्या फाइलीला नाहीत.”

“आणि पाण्याचं काय?”

“प्रत्येक प्लॉटला एक बोअर. जाहिरातीत लिहायचं: मुबलक पाणी.”

गड्यानं सीताफळाची बाग डोळ्यांनी मोजली आणि विचारलं, “झाडं तोडायला परवानगी लागते का?”

“ती लागेल,” एजंट म्हणाला. “त्याचा अर्ज करा.”