गाठवाले डॉक्टर

डॉक्टर कुणाला म्हणायचं, याबाबत सोलापूरकरांचं मत पक्कं आहे. गळ्यात नळी हवी, दारात चपलांचा ढीग हवा आणि सुई टोचल्याशिवाय सोडणारा नको. त्यात हे डॉ. द्वारकानाथ कोटनीसांचं गाव. १९१० साली इथं जन्मलेला माणूस चीनला गेला, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ साली ऐन बत्तिशीत तिथंच गेला. व्ही. शांतारामांनी त्याच्यावर सिनेमा काढला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक डॉक्टरला त्याच मापाची पट्टी लागते. अशा गावात एखादा डॉक्टर आयुष्यभर पेशंटचं तोंडच बघत नाही म्हटल्यावर ऐकणारा विचारणारच, "मग ते डॉक्टर कसलं बे?"

आमचे गाठवाले डॉक्टर हे त्या जातीचे. खरं तर पॅथॉलॉजिस्ट. पण पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त-लघवी तपासणारा, अशी लोकांची समजूत. तिच्याशी आयुष्यभर भांडून झाल्यावर त्यांनी हे टोपणनाव मुकाट्यानं स्वीकारलं. वैशंपायन स्मृती मेडिकल कॉलेज १९६३ साली निघालं, तिथंच ते शिकले. एमडीला त्यांनी आपणहून पॅथॉलॉजी मागितली, तेव्हा पोरगं नापास झालं की काय असं वडिलांना वाटलं. लग्नाच्या बाजारात तर फारच पंचाईत. मध्यस्थ सांगायचा, "मुलगा डॉक्टर आहे, पण पेशंट बघत नाही." त्यावर मुलीकडचे हळूच विचारत, "मग बघतो तरी काय?"

ते गाठी बघतात. त्यातही मऊ ऊतींच्या. चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, ज्या पडद्यांनी हे सगळं एकमेकांना धरून ठेवलंय ते पडदे, यांतून कुठूनही उगवणाऱ्या. जाती शंभराच्या आसपास. शंभर गाठींमागे जेमतेम एखादीच वाईट निघते. प्रौढांच्या एकूण कॅन्सरमध्ये अशा वाईट गाठींचा, म्हणजे सार्कोमाचा, वाटा एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे माणसानं उभं आयुष्य अशा शत्रूच्या अभ्यासात घातलं, जो भेटायलाच येत नाही. येतो तो लायपोमा, चरबीची निरुपद्रवी गाठ. "दुकान चालतं लायपोमावर, रात्रीची झोप जाते सार्कोमावर," असं ते सांगतात. त्यातलं पहिलं खरं असावं, दुसरं त्यांच्या बायकोला विचारलं तर त्या म्हणाल्या, "झोप माझी जाते. हे उठून दिवा लावतात."

सकाळी अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर आणि पलीकडे विजयपूर, कलबुर्गीकडूनही पिशव्या येतात. नातेवाईक एसटीतून उतरतो आणि हातातली पिशवी टेबलावर ठेवतो. सोबत सर्जनची चिठ्ठी, तिच्यावर एकच शब्द : 'गाठ'. कुठली, किती दिवसांची, किती खोल, पेशंट सहा वर्षांचा की साठ, काही नाही. "निदान बाई की बाप्या तेवढं तरी लिहा!" असं फोनवर ओरडताना मी त्यांना ऐकलंय. आणि पिशवीत काय? गाठीच्या दहापट फॉर्मेलिन हवं, हा नियम. प्रत्यक्षात कुणी सलाईनमध्ये आणतो, कुणी स्पिरिटमध्ये, कुणी श्रीखंडाच्या डब्यात नुसतीच. सगळ्यात वाईट म्हणजे अरुंद तोंडाची बरणी. ताजी गाठ मऊ असते, दाबून आत जाते. फॉर्मेलिननं कडक झाली की बाहेर येत नाही. मग डॉक्टर टॉवेल गुंडाळून हातोडीनं बरणी फोडतात. एमडीच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

पुढचं काम चिकाटीचं. गाठीचे तुकडे करायचे, मेणात बसवायचे, त्या ठोकळ्यांचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायचे आणि मग दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. नातेवाईकाला हे पटत नाही. "रिपोर्ट संध्याकाळी द्या की मालक, शेवटची गाडी साडेसातला हाय."

या धंद्यानं त्यांच्या बोलण्याचं जे केलंय, ते बघण्यासारखं आहे. चुकीचा एक शब्द गेला तर कुणाचा तरी हात किंवा पाय जायचा, म्हणून ते ठाम बोलायचंच विसरलेत. ताटात शेंगाचटणी वाढली. चव घेऊन म्हणाले, "शेंगाचटणीशी सुसंगत." बायकोनं विचारलं, "अहो, तिखट झालीय का?" "काही भागांत." भाच्यासाठी मुलगी बघून आले. सगळं घर कान टवकारून बसलेलं. डॉक्टर म्हणाले, "जेवढा नमुना बघायला मिळाला, त्यात वाईट काही आढळलं नाही. मात्र नमुना अपुरा होता." ते लग्न मोडता मोडता राहिलं. जूनमध्ये आभाळाकडे बघून "पाऊस नाकारता येत नाही" असं म्हणणारा सोलापुरातला हा एकमेव माणूस. बाकीचे आम्ही सरळ नाकारतो.

विणकरांच्या गावात हे शास्त्र त्यांच्या हाती लागावं, हा मात्र योग म्हणायचा. गाठीतल्या पेशी कशा मांडल्या आहेत, त्यावरून ती ओळखायची असते, आणि जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांनी या मांडणीला नावं दिलीत ती विणीचीच. एका गाठीत पेशी चटईसारख्या चहूबाजूंनी फिरतात, दुसरीत हेरिंगबोन, म्हणजे कोटाच्या कापडावर असते ती तिरपी वीण. त्यामुळे चादरीच्या दुकानात गेले की डॉक्टर भाव विचारायचं सोडून चष्मा कपाळावर चढवतात आणि कापड नाकाशी नेतात. दुकानदार खूश होतो, गिऱ्हाईक जाणकार दिसतंय. तेवढ्यात डॉक्टर पुटपुटतात, "अगदी फायब्रोसार्कोमा!" त्यावर कडी म्हणजे ते तिथंच खानोलकरांची गोष्ट सांगतात. व्ही. आर. खानोलकर हे त्यांचं दैवत. टाटा मेमोरिअलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख, भारतीय पॅथॉलॉजीचे पितामह. कमरेला धोतर वर्षानुवर्षं करकचून बांधल्यानं तिथल्या कातडीला होणाऱ्या कॅन्सरवर त्यांनी १९४५ साली लिहिलं. ही माहिती कापडाच्या दुकानात, ऐन लग्नसराईत, मोठ्या आवाजात सांगायची नसते, हे डॉक्टरांना कुणी शिकवलेलं नाही.

दुसरं दैवत एन्झिंगर. त्यांनी शेरॉन वाइस यांच्यासह लिहिलेला मऊ ऊतींच्या गाठींवरचा ग्रंथ १९८३ साली निघाला. डॉक्टरांच्या टेबलावर तो एखाद्या पोथीसारखा असतो. पोथीत आणि त्यात फरक एवढाच, की ग्रंथ बदलत राहतो आणि बदलताना डॉक्टरांना रडवतो. 'मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा' नावाचा एक रोग होता. साठच्या दशकात त्याला नाव मिळालं. ऐंशीच्या दशकात तो प्रौढांतला सर्वाधिक आढळणारा सार्कोमा म्हणून मिरवत होता. डॉक्टरांनी उमेदीच्या काळात याच रोगाचं निदान करून नाव कमावलं. मग १९९२ साली ख्रिस्तोफर फ्लेचर यांनी अशा दीडशेहून अधिक गाठी पुन्हा तपासल्या, तर बहुतेक भलत्याच निघाल्या. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची पदावनती झाली, २०१३ साली नावही गेलं. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. "मी इतक्या लोकांना सांगितलेला रोग आता अस्तित्वातच नाही," ते म्हणाले. त्यांच्या कंपाउंडरनं निरागसपणे विचारलं, "मग ते लोक बरे झाले का, सर?"

पण या माणसाची खरी किंमत कळते ती नोड्युलर फॅसायटिस आली की. ही गाठ म्हणजे नंबर एकची बहुरूपी. विशी-तिशीतल्या एखाद्या मागवाल्याच्या हातावर, कोपराखाली, दोन-तीन आठवड्यांत टरारून वर येते. सर्जन घाबरतो, घरचे नवस बोलतात. दुर्बिणीखाली बघावं तर पेशी दाटीनं वाढतायत, पटापट विभागतायत. नवख्यानं डोळे मिटून सार्कोमा लिहावा. आणि असते ती निव्वळ निरुपद्रवी, कधी कधी आपोआप विरूनही जाणारी. १९५५ साली तिचं पहिलं वर्णन झालं. तिच्या पेशींत यूएसपी६ नावाच्या जनुकाची उलथापालथ असते, हे २०११ साली कळलं. त्याआधी डोळा आणि धीर, एवढीच हत्यारं. अशी स्लाइड आली की डॉक्टर गप्प होतात. चहा निवतो. ग्रंथ उघडतात, मिटतात, पुन्हा स्लाइड बघतात. मग सर्जनला फोन करतात, आणि त्या वेळी मात्र 'सुसंगत' नाही, 'नाकारता येत नाही' नाही. "हाताला हात लावू नका. गाठ निघाली ना? झालं मग."

पुढं काय होतं? हात वाचलेला मुलगा सर्जनकडे पेढे घेऊन जातो. त्याची आई सिद्धेश्वराला नारळ फोडते. गाठवाल्या डॉक्टरांकडे मुलाचा काका येतो आणि बिलात काही कमी होतंय का विचारतो. "नुसतं बघायचे एवढे पैसे?" डॉक्टर कमी करतात. यावर मी एकदा त्यांच्याशी भांडलो, तर म्हणाले, "माझा पेशंट मला ओळखत नाही, हीच त्याची तब्येत चांगली असल्याची खूण. ज्यांच्या घरी माझं नाव ठाऊक आहे, ती घरं वेगळी."

त्या वेगळ्या घरांतली माणसं रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला, टाटाला जातात. त्यांच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत मेणाचे ठोकळे आणि स्लाइड डॉक्टरांनी स्वतः बांधून दिलेल्या असतात. कारण तिथले तज्ज्ञ पहिल्यांदा तेच मागतात. आणि पुष्कळांकडे ते नसतात. गाठ काढली, पण तपासायला पाठवलीच नाही, 'साधी चरबी आहे' म्हणून टाकून दिली. या एकाच गोष्टीवर डॉक्टर आवाज चढवून बोलतात, म्हणून त्यांच्या वतीनं मीही इथं सांगून ठेवतो. गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, खोलवर असेल किंवा वाढत असेल, तर तेल चोळत बसू नका, दाखवा. काढलेली कुठलीही गाठ फेकू देऊ नका. भरपूर फॉर्मेलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत घालून तपासायला पाठवा. रिपोर्ट आला की मेणाचे ठोकळे मागून घ्या आणि घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.