घेरातले स्वातंत्र्य

१९७०च्या दशकातल्या बेलबॉटमला हौशी मंडळी मुक्तीचा पोशाख म्हणतात. पुरावा उलट बोलतो. घेरदार विजार मुळात खलाशांची. डेक धुताना ती गुडघ्यापर्यंत सहज दुमडता यावी, असा त्यामागचा व्यवहार सांगतात. साठच्या दशकात हिप्पींनी ती लष्कराच्या जुन्या मालाच्या दुकानांतून स्वस्तात उचलली. पुढे फॅशनने घेर ठेवला आणि उपयोग तेवढा वगळला: मांडीला इतकी घट्ट, की खाली वाकणेही जिकिरीचे. शिवाय घेर रस्ता झाडू लागला, तेव्हा पायाखाली जाडजूड प्लॅटफॉर्म सोयीचा ठरला. म्हणजे विजारीसाठी बूट, आणि तो बूट त्याच विजारीखाली गडप! खर्च दोन्हींचा, दर्शन एकीचेच.

कोणी म्हणेल, बुटक्यांना उंची तरी मिळाली. मान्य, पण मग सहा फुटांवरच्या अमिताभ बच्चनने ही विजार का मिरवली? उंच टाचा पुरुषांना शोभत नाहीत, हा आक्षेप मात्र फोल आहे. चौदाव्या लुईने सतराव्या शतकातच लाल टाचा मिरवल्या होत्या. या विजारींच्या टेरिलीन कापडाला फारशी इस्त्री लागत नसे, हे खरे. मुंबईच्या घामात ते अंगाला चिकटे, हेही खरेच. तेव्हा घेर पुन्हा आला तर खुशाल घाला, फक्त स्वातंत्र्याचे नाव घेऊ नका.